बलसंवर्धक व्यायाम
बलसंवर्धक व्यायाम : स्नायूंना नेहमीपेक्षा अधिक भार पेलावयास लावून खेळाडूचे बळ वाढविणारे व्यायामप्रकार. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : तालमीतील देशी व्यायाम आणि लोखंडी वजनांचे व्यायाम. यांपैकी रूढ कोणता व आगळा कोणता, हे मात्र देशकालपरत्वे बदलत आले आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास ग्रंथात मल्लांसाठी भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम इ. व्यायाम सांगितले आहेत. स्तंभश्रम हे मल्लखांबाचे पूर्वरूप मानले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले [⟶ मल्लखांब]. तालमींत जोर, बैठका, मुद्गल फिरविणे, नाल उचलणे व हौद्यातील माती उकरणे यांवर भर असतो. जोरांनी छाती, खांदे व दंड, बैठकांनी मांड्या, मुद्गलाने मनगटे व खांद्याचे सांधे बळकट होतात. मल्लखांबाने पकड व लवचिकपणा येतो.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याने मुद्गलांचा स्वीकार केला व हलक्या स्वरूपात ते यूरोप-अमेरिकेत पसरले. १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरविण्याची स्पर्धा होती. पुढे तेथे बारबेलचे प्राबल्य वाढले. १९४५ मध्ये अमेरिकन लष्करी वैद्य टॉमस डेलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या उपचारात भार टप्प्याटप्प्याने वाढविण्याची पद्धती मांडली.

दोन्ही पद्धतींतील मुख्य भेद भार वाढविण्याच्या रीतीत आहे. जोर-बैठकांत भार शरीराच्या वजनापुरता मर्यादित असल्याने मल्ल आवर्तनांची संख्या वाढवितो. त्यामुळे दमदारपणा व चिवटपणा येतो. बारबेलवर भार मोजून वाढविता येतो व थोड्या आवर्तनांत जड वजन उचलल्याने कमाल बळ अधिक वाढते. तथापि प्रतिस्पर्ध्याचे शरीर लोखंडी दांड्याप्रमाणे समतोल व स्थिर नसते. पीळ, झटका व पकड यांचा सराव देशी साधनांनी चांगला होतो.

केवळ बळ पुरेसे नसते, हे खाशाबा जाधव (१९२६–८४) यांच्या उदाहरणावरून दिसते. मातीत तयार झालेल्या या मल्लास १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरील अपरिचित कुस्ती खेळावी लागली. तरीही ते सहावे आले. १९५२ मध्ये हेल्सिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तालमीतील कस टाकाऊ नव्हता; त्यास स्पर्धेच्या स्वरूपाची जोड हवी होती.

एकविसाव्या शतकात गदा, मुद्गल व वाळूची पोती ही साधने पाश्चात्त्य व्यायामशाळांत नावीन्यपूर्ण म्हणून प्रचारात आली. २०२२ मध्ये मल्लखांबाचा राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत समावेश झाला. कमाल बळासाठी वजने आणि पकड, दम व सांध्यांच्या हालचालींसाठी देशी व्यायाम अशी सांगड घालणे खेळाडूस हितावह ठरते.