भिंत धुण्यापूर्वी

सोलापूरच्या सात रस्त्याला मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी थोडा वेळ उभे राहून पाहावे. सात दिशांनी वाहने येतात आणि त्यांच्याबरोबर धूर आणि धूळ येते. आता अशा चौकांच्या आसपास मोठ्या व्यापारी इमारती उभ्या राहिल्या आहेत. कोणाच्या दर्शनी बाजूला काच, कोणाला रंगीत पत्र्याचे तक्ते, कोणाला साधा सिमेंटचा गिलावा. बांधून दोन-तीन वर्षे झाली की खिडकीखाली काळपट ओघळ दिसू लागतात, काच धूसर होते, आणि मालकाला वाटते की आता हे एकदा धुऊन घेतले पाहिजे.

धुवायचे कसे? पाणी, साबण आणि ब्रश असला की झाले, असे कोणीही म्हणेल. पण गेल्या दीडशे वर्षांत जगातल्या अनेक शहरांना हे उत्तर महागात पडले आहे. भिंतीवरचा मळ काय आहे आणि भिंत कशाची आहे, हे दोन प्रश्न विचारण्याआधीच धुण्याची साधने हाती आली, हा त्या इतिहासाचा सारांश. तो शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे, कारण त्यातले सारे रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शालेय पातळीवरचेच आहे.

पोतारण्याचा काळ

आपल्याकडे पूर्वी भिंत धूत नसत, पोतारत असत. दसरा-दिवाळीच्या आधी मातीच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा, आणि ऐपत असेल तिथे चुन्याचा हात दिला जाई. म्हणजे मळ काढण्याऐवजी तो झाकला जाई. यामागे चांगले शास्त्र होते. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे भिंतीवर दरवर्षी चुनखडीचा एक पातळ थर नव्याने तयार होतो. पाऊसवाऱ्याने झिजायचा तो हाच थर. मूळ भिंत सुरक्षित राहते.

युरोपातही असेच होते. १८५२ साली पॅरिसमध्ये एक हुकूम निघाला. रस्त्याकडेच्या घरांचे दर्शनी भाग दर दहा वर्षांतून निदान एकदा खरवडावेत, रंगवावेत किंवा चुन्याने सारवावेत, असे त्यात म्हटले होते. ‘खरवडावेत’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. चुना दिला तर भिंतीवर थर चढतो, खरवडले तर भिंतीचाच थर जातो. पण दोन्ही गोष्टी एकाच कामाचे प्रकार समजल्या जात होत्या.

काजळीचा काळ

१८७७ साली सोलापुरात पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती पुढे ‘जुनी गिरणी’ झाली. नंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू अशा गिरण्या आल्या. वाफेसाठी दगडी कोळसा जळू लागला आणि धुराडी शहराची ओळख बनली. जे सोलापुरात झाले तेच मोठ्या प्रमाणावर मुंबईत, आणि त्याआधी लंडन, मँचेस्टर, पॅरिसमध्ये झाले होते.

कोळशाच्या धुरात दोन गोष्टी असतात. एक काजळी, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, त्यांना चिकटलेल्या तेलकट पदार्थांसह. दुसरी सल्फर डाय-ऑक्साइड हा वायू. दमट हवेत त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते. हे आम्ल चुनखडीच्या दगडावर आले की कॅल्शियम कार्बोनेटचे जिप्सम होते. जिप्सम पाण्यात थोडेसे विरघळते. त्यामुळे जिथे पाऊस थेट पडतो तिथे ते धुतले जाते, दगड पांढरा दिसतो, पण झिजत जातो. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे छज्जाखाली किंवा मूर्तीच्या हनुवटीखाली, तिथे जिप्सम साठते, त्यात काजळी अडकते आणि काळे कवच तयार होते. म्हणजे हा काळा थर वरून येऊन बसलेला निव्वळ मळ नसतो. त्यातला काही भाग दगडातूनच झालेला असतो. कवच उपटले तर त्याबरोबर दगडाची कातडीही येते.

आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, या बाबतीत भाग्यवान. सोलापूरचा भुईकोट किल्ला याच दगडाचा आहे. बेसॉल्ट सिलिकेटांचा बनलेला असल्याने सौम्य आम्लाने तो सहजी विरघळत नाही. पण दोन दगडांमधल्या सांध्यातला चुना विरघळतो! मुंबईत तर एकाच इमारतीत अनेक दगड भेटतात. कुर्ला आणि मालाडचा दगड, आणि नक्षीसाठी मऊ, चुनखडीचा पोरबंदरी दगड. १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मंडई असो की १८७८ चा राजाबाई टॉवर, अशा वास्तूंच्या सगळ्या अंगाला एकच औषध चालत नाही, हे समजायला बराच काळ जावा लागला.

जोर वाढला

१८७० साली अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी वाळूच्या झोताचे पेटंट घेतले. हवेच्या किंवा वाफेच्या जोराने वाळू फेकायची आणि पृष्ठभाग घासायचा. लोखंडावरचा गंज काढायला ही युक्ती उत्तम ठरली. मग ती इमारतींवर आली. काळी पडलेली भिंत दोन दिवसांत नवी दिसू लागे. पण भाजलेल्या विटेची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा कठीण असते. ती एकदा गेली की वीट सच्छिद्र होते, पाणी पिते, आणि थोड्याच वर्षांत आधीपेक्षा जास्त मळते. अमेरिकेत जुन्या वास्तूंची देखभाल करणाऱ्या सरकारी खात्याने १९७० च्या दशकात वाळूच्या झोताविरुद्ध लेखी इशारे दिले. तोवर असंख्य भिंती सोलून निघाल्या होत्या.

भिंतीपेक्षा मोठे नुकसान माणसांचे झाले. वाळू फुटताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कारखान्यांत ओतीव वस्तू घासण्यासाठी वाळू वापरण्यावर ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी बंदी घातली.

दुसरे साधन आम्लाचे. विटांसाठी हायड्रोफ्लोरिक आम्लाची द्रावणे वापरात आली. हे आम्ल काच खाते आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचते. तिसरे साधन पाण्याच्या दाबाचे. १९५० साली जर्मनीत कर्शर कंपनीने गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाईयंत्र बनवले. तशा यंत्रांची लहान रूपे आज गाड्या धुण्याच्या दुकानात दिसतात. त्यांचा दाब १०० बारच्या घरात सहज जातो. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खालच्या नळाला सुमारे १ बार दाब मिळतो. १०० बार म्हणजे एक किलोमीटर उंचीच्या टाकीचा नळ! अशी धार जुन्या चुन्याच्या सांध्यावर धरली तर काय होईल, हे विद्यार्थीही सांगू शकतील.

साबणवाल्यांची काचेची इमारत

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये लीव्हर हाउस ही २४ मजली इमारत उभी राहिली. ही साबण बनवणाऱ्या लीव्हर कंपनीची कचेरी. हिरवट काचेच्या पडद्यात गुंडाळलेल्या पहिल्या काही व्यापारी इमारतींपैकी ती एक. आत वातानुकूलन असल्याने खिडक्या उघडत नव्हत्या, म्हणून आतून हात बाहेर काढून काच पुसणे शक्य नव्हते. रचनाकारांनी याचा विचार नकाशातच केला. गच्चीवर रूळ टाकले, त्यावर चालणारा गाडा बसवला आणि त्याला भिंतीलगत खाली-वर जाणारा पाळणा टांगला. साबणाच्या कंपनीला आपली स्वच्छता जगाला दाखवायची होतीच.

पुढे काचेची इमारत जगभर गेली. ती आपल्याकडच्या मध्यम शहरांतही आली, पण गच्चीवरचा पाळणा तिच्याबरोबर अनेकदा आला नाही. नकाशा मंजूर होताना ‘ही काच पुसणार कोण आणि कुठे उभा राहून?’ असे क्वचितच विचारले जाते. मग ते उत्तर एका माणसाला दोराच्या टोकाशी लोंबकळत द्यावे लागते.

त्या दोराचेही एक शास्त्र आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये गुहांत उतरणाऱ्या साहसवीरांची पद्धत उंच कामांसाठी घेतली गेली. तिचा मुख्य नियम एका वाक्यात सांगता येतो. माणूस एका दोरावर काम करील, पण दुसरा दोर वेगळ्या ठिकाणी बांधलेला असेल आणि तोही त्याच्या अंगाला जोडलेला असेल. एक तुटला, कठड्यावर घासून कापला गेला किंवा गाठ सुटली, तरी दुसरा पेलतो. आपल्या संसदेने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात कामाच्या व्याख्येत बांधण्याबरोबर इमारतीची दुरुस्ती आणि देखभालही घातली होती. रस्त्यावरून वर पाहताना दोर मोजावेत. एकच दिसला तर ते काम थांबवण्याजोगे आहे.

लेपाची युक्ती

जोर वाढवण्याऐवजी समज वाढवण्याचे चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे. ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू लागला, तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९४ पासून काही वर्षांच्या अंतराने मुलतानी मातीचे लेप दिले. ओली माती दगडावर थापायची. ती वाळताना पाणी बाहेरच्या बाजूला ओढले जाते आणि सुटलेला मळ त्याबरोबर मातीत येतो. मग लेप शुद्ध पाण्याने धुऊन काढायचा. घासणे नाही, आम्ल नाही. पण लेप पुन्हापुन्हा द्यावा लागतो, कारण हवा तीच राहते. म्हणूनच डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजच्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना नैसर्गिक वायूकडे वळा किंवा स्थलांतर करा, असा आदेश दिला. लंडननेही १९५२ च्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. सेंट पॉल चर्चची मोठी धुलाई झाली ती त्यानंतर, १९६० च्या दशकात. आधी धूर कमी करणे आणि मग भिंत धुणे हाच क्रम शहाणपणाचा.

सोलापूरचे पाणी

आता पुन्हा सात रस्त्याला येऊ. इथला मळ मुख्यतः मातीची धूळ आणि वाहनांची काजळी यांचा. धूळ पाण्याने जाते. काजळी तेलकट असल्याने तिला साबण लागतो. खरी अडचण आहे पाण्याची, आणि ती दुहेरी आहे.

पहिली टंचाईची. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि शहराला पाणी येते ते शंभर किलोमीटरहून दूरच्या उजनी धरणातून नळाने. जिथे माणसे हंडे भरून ठेवतात, तिथे भिंतीवर पाण्याची धार सोडताना हात अडखळलाच पाहिजे.

दुसरी अडचण क्षारांची. नळाचे पाणी वाचवायचे म्हणून विंधन विहिरीचे पाणी वापरतात. ते बहुधा जड असते. एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एवढे चालतात. हजार लिटर पाणी वापरले आणि त्यातले एक दशांश काचेवरच वाळले, तर ५० ग्रॅम क्षार काचेवर राहिले! एप्रिलच्या उन्हात काच तापलेली असते, थेंब ओघळण्याआधीच वाळतो आणि त्याचे पांढरे वर्तुळ उरते. गीझरच्या नळीत बसते तीच ही पुटी. ती काढायला मग कोणी आम्ल आणतो आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी खराब करतो. एक चूक झाकायला दुसरी, असा हा फेरा.

उपाय स्वस्त आहेत. भर दुपारी धुण्याऐवजी सकाळी, सावलीत असलेली बाजू आधी घ्यावी. पाणी फेकण्याऐवजी ओल्या कापडाने धूळ उचलावी आणि रबरी पट्टीने पाणी निपटून घ्यावे. शेवटचा हात क्षार काढलेल्या थोड्या पाण्याचा द्यावा. दगडी भिंत असेल तर आधी एका कोपऱ्यात, हातभर जागेवर करून पाहावे आणि आठवडाभर थांबावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर विहिरीच्या पाण्याचे, दुसरीवर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे पाच-पाच थेंब टाकून उन्हात ठेवा. वाळल्यावर काळ्या कागदावर धरून पाहा.

शहाबादी फरशीचा तुकडा आणि भरीव काळ्या दगडाचा तुकडा घ्या. दोन्ही खरवडून त्यांवर लिंबाचा रस टाका. शहाबादी चुनखडी आहे, तिथे बारीक बुडबुडे येतील. काळा दगड शांत राहील. एकाच आम्लाने दोन भिंती का धुऊ नयेत, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

दिव्यावर काच धरून काजळी जमवा. काच गार झाल्यावर आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाच्या पाण्याने धुऊन फरक नोंदवा.

शेवटी शाळेचीच एक बाहेरची भिंत निवडा. ओघळ कुठे आहेत, पाऊस कुठे पोचतो, कुठे पोचत नाही, याचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. मळ कुठून आला हे बऱ्याचदा तो नकाशाच सांगतो. छज्जाच्या कडेला पाणी तोडणारी एक साधी खाच नाही, एवढेच कारण निघाले, तर भिंत धुण्याचा खर्चही वाचेल आणि कोणाला दोरावर चढावेही लागणार नाही.