चाळीचे भाडे आणि चाळीची भिंत

मुंबई गिरण्यांनी घडवली असे आपण म्हणतो. परंतु गिरणीतला कामगार रात्री जेथे पाठ टेकत असे, ती चाळ कोणाच्या पैशाने उभी राहिली आणि तो पैसा परत कसा मिळाला, हा इतिहास क्वचितच सांगितला जातो. दक्षिण मुंबईत टेकू लावून उभ्या असलेल्या इमारती पाहिल्या की, मालक लोभी की भाडेकरू हट्टी, असा वाद रंगतो. या वादाचे मूळ कोणा एकाच्या स्वभावात नाही. ते भाड्याच्या हिशेबात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैसे बाळगून असलेल्या व्यापाऱ्याला चाळ ही भरवशाची गुंतवणूक वाटे. एकेक खोली, समाईक सज्जा, समाईक नळ व शौचकूप यांमुळे बांधकामाचा खर्च थोडा येई. भाडेकरू पुष्कळ असल्याने एखादी खोली रिकामी राहिली तरी तोटा जाणवत नसे. येणाऱ्या भाड्यातून कर्जाचे व्याज, पालिकेचा कर व डागडुजी भागवून जे उरेल तो मालकाचा नफा. साहजिकच, जितकी दाटी अधिक तितका नफा अधिक. या दाटीची किंमत 1896 च्या प्लेगने वसूल केली. त्यानंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

पुढे सरकार स्वतःच घरमालक झाले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कर्जरोखे आणि कापसाच्या गाठींवरील कर यांतून पैसा उभारून वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे 207 चाळी बांधण्यात आल्या. परंतु खर्च भरून निघेल एवढे भाडे कामगाराला परवडेना. भाडे उतरवावे लागले, तरीही अनेक खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. खरा खर्च आणि गरिबाची ऐपत यांतील अंतर कोणीतरी भरून काढावेच लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

महायुद्धांच्या काळात भाडी भडकली, म्हणून 1918 पासून भाडेनियंत्रणाचे कायदे आले. त्यांतील 1947 च्या कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकले. त्या वेळी हे न्याय्यच होते. युद्ध, टंचाई व फाळणी यांनी गांजलेल्या कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने वाचवले. पण तात्पुरता बांध कायमचा झाला. विटा, चुना, मजुरी महागत गेली. भाडे मात्र जागच्या जागी राहिले. डागडुजीचे कर्तव्य कायद्याने मालकावरच ठेवले होते. त्यासाठी लागणारे उत्पन्न मात्र गोठवले होते.

मग पागडी फोफावली. कायद्याने ती गुन्हा होती, तरी खोली हातोहात जाताना मोठी रक्कम फिरे. जाणारा भाडेकरू ती घेई आणि पावतीवरचे नाव बदलून देण्याबद्दल मालक आपला वाटा घेई. दोघांचेही हात ओले होत. भिंतीच्या वाट्याला मात्र काहीच येत नसे.

अखेर 1969 च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ निर्माण झाले. उपकर लावून 19,642 जुन्या इमारती त्याच्या कक्षेत आणल्या गेल्या. गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये दिला. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याने दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली आणि पागडीलाही मान्यता दिली. परंतु मुळातच नाममात्र असलेल्या भाड्यावर चार टक्के म्हणजे किती? तेवढ्यात गिलावाही होत नाही.

आपल्यातील अनेक कुटुंबे आज एखादी खोली भाड्याने देतात किंवा घेतात. लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी या कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती त्याने टाळू नये. त्याचबरोबर दोघांनीही एक गोष्ट ध्यानी धरावी. भाड्यातला एक वाटा मालकाचा असतो, तसा एक वाटा घराचाही असतो. मुंबईत हा दुसरा वाटा दोन पिढ्या कोणीच दिला नाही. इमारत कोसळते तेव्हा ती थकबाकी ढिगाऱ्याखाली सापडणाऱ्यांकडून वसूल होते, आणि त्यांत बहुधा मालक नसतो.