गच्चीवरून आलेले इंटरनेट : मुंबई उपनगरांतील तारांचा इतिहास #धागा

(१/९) अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील जुन्या सोसायट्यांच्या गच्च्यांवरून आजही काही तारा शेजारच्या इमारतींवर गेलेल्या दिसतात. आपल्या उपनगरांत इंटरनेट कसे पोहोचले, याची ती साधने आहेत. ती वाचण्याचा हा प्रयत्न.

(२/९) १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई व अन्य महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जोडणी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून होई आणि वेग ९.६ केबीपीएस असे. इंटरनेट सुरू असेपर्यंत घरचा फोन व्यग्र राही.

(३/९) दुसरी तार करमणुकीची होती. १९८०च्या दशकात एका व्हीसीआरवरून साऱ्या इमारतीला चित्रपट दाखवला जाई. १९९१च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि केबलवाल्याचे जाळे गच्च्यांवरून पसरले.

(४/९) या केबलवरून इंटरनेट देण्यात अडचण होती. तिच्यावरील अ‍ॅम्प्लिफायर संदेश केवळ घराकडे नेत. परतीचा मार्ग उभारणे खर्चिक होते. म्हणून अनेक स्थानिक केबलवाल्यांनी गच्च्यांवरून वेगळी इथरनेट वायर ओढली.

(५/९) या वायरची मर्यादा सुमारे १०० मीटर. उपनगरांतील इमारती एकमेकींना लागून असल्याने ती पुरली. टप्प्याटप्प्यावर एक स्विच बसे. मात्र एका इमारतीची वीज गेली, की पुढच्या इमारतींचे इंटरनेटही बंद पडे.

(६/९) येथे धोरणाचा प्रश्न येतो. २००४ साली ‘ट्राय’ने शिफारस केली होती, की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतर सेवादात्यांनाही वापरू द्याव्यात. ऑक्टोबर २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने ही सक्ती स्वीकारली नाही. त्याच धोरणाने २५६ केबीपीएस ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरवली.

(७/९) २००५ मध्ये एमटीएनएलने त्याच तांब्यावर एडीएसएल सेवा आणली. आता फोन व इंटरनेट एकाच वेळी चालू लागले, परंतु एक्स्चेंजपासून घर जितके दूर, तितका वेग कमी. खासगी सेवादात्यांसाठी ही वाट बंदच होती. त्यामुळे केबलवाल्याची गच्ची हाच घरापर्यंतचा मार्ग ठरला.

(८/९) पुढे ऑप्टिकल फायबर आली. एक फायबर स्प्लिटरद्वारे ३२ वा ६४ घरांत विभागता येते आणि वाटेत वीज लागत नाही. २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवेतील मोठा हिस्सा घेण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाली. छोट्या केबलवाल्यापुढे दोनच पर्याय उरले: मोठ्या कंपनीशी जोडून घेणे किंवा व्यवसाय आवरणे.

(९/९) टेलिफोन एक्स्चेंजची नोंद सरकारी दप्तरात सापडते. गच्चीवरच्या स्विचची कोठेच नाही. त्या तारा आता कापून टाकल्या जात आहेत. आपल्या सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तात केबलवाल्याला दिलेली परवानगी किंवा घरात त्याची एखादी पावती असेल, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी तिचे छायाचित्र अवश्य जपून ठेवावे.