ज्याला क्षमा नाही असे पाप



कामगार चळवळीतल्या माणसाने ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावर बोलायला उभे राहावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि पुढे सार्वजनिक वाचनालयात झाले. पांडित्याचा दावा आम्ही करीत नाही. परंतु एका प्रश्नाने आम्हांस या इतिहासाकडे नेले. आमच्या तरुणपणी एका कारखान्यातला संप दोन महिने चालला. एकोणचाळिसाव्या दिवशी एक फिटर मागच्या दाराने कामावर गेला. संप मिटल्यावर तो वर्गणी घेऊन कचेरीत आला. आम्ही पावती फाडली नाही. तो तीनदा आला, तीनदा आम्ही त्याला परत पाठविले. ‘याला क्षमा नाही,’ असे आम्ही म्हणालो. हे शब्द आम्ही कोणत्या अधिकाराने उच्चारले, हा तो प्रश्न.

हेच शब्द ख्रिस्ती धर्मात एका ठिकाणी स्पष्टपणे आले आहेत. मार्काच्या शुभवर्तमानात प्रसंग असा आहे की, येशू भूतबाधा झालेल्यांना बरे करीत असता यरुशलेमहून आलेल्या शास्त्र्यांनी आरोप केला, हा भुतांच्या सरदाराच्या बळावर भुते काढतो. त्यावर येशूने बजावले की, माणसांच्या सर्व पापांची क्षमा होईल, परंतु पवित्र आत्म्याविरुद्ध केलेल्या दुर्भाषणाची कधीही होणार नाही. वाचणारा येथे अडखळतो. खुनाला क्षमा आहे, चोरीला आहे, आणि बोलण्याला नाही? पण प्रसंग नीट पाहिला की उलगडा होतो. बरा झालेला माणूस डोळ्यांपुढे उभा आहे, आणि आपले स्थान डळमळू नये म्हणून त्या चांगुलपणालाच सैतानाचे काम ठरविले जात आहे. दोष जिभेचा नाही. चांगले हे चांगले आहे असे दिसत असून त्याला वाईट म्हणण्याचा आहे. उलट पेत्राने अटकेच्या रात्री आपल्या गुरूला तीनदा नाकारले, तरी पुढे तोच मंडळीचा अग्रणी झाला.

तथापि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने क्षमेचे दार पुष्कळच अरुंद ठेवले होते. एकदा प्रकाश पाहून जे मागे फिरले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असा अर्थ निघणारा मजकूर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी दिली. कार्थेजच्या तर्तुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी मूर्तिपूजा, खून आणि व्यभिचार या तीन पापांची क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही, असे निक्षून सांगितले. स्वतः त्यानेच आधीच्या एका ग्रंथात तशी एक संधी मान्य केली होती! मंडळी लहान होती, चोहीकडून वेढलेली होती. अशा वेळी नियम कडक असतात.

मग कसोटीचा दिवस आला. २४९ साली डेसियस रोमचा बादशहा झाला आणि त्याने साम्राज्यातील सर्वांनी देवांना बळी द्यावा असा हुकूम सोडला. प्रत्येकाने अधिकाऱ्यांपुढे अर्घ्य ओतावे, बळीचे मांस चाखावे आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांतला एक तर मगरदेवतेच्या पुजारणीचा आहे! म्हणजे सरकारला कोणाचा अंतरात्मा पाहायचा नव्हता, कागद हवा होता.

त्या कागदापुढे ख्रिस्ती समाज दुभंगला. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये प्राणास मुकला. कार्थेजच्या तुरुंगात काही लोक भुकेने आणि तहानेने मेले. परंतु फार मोठ्या संख्येने लोक चौकात गेले. कोणी बळी दिला, कोणी नुसता धूप जाळला, आणि कोणी अधिकाऱ्याचा हात ओला करून, काहीच न करता, दाखला मिळविला. लॅटिनमध्ये या सर्वांना ‘घसरलेले’ अशा अर्थाचे नाव होते. आपण त्यांना पतित म्हणू. २५१ साली डेसियस लढाईत पडला, आणि हे पतित दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना आत घ्यायचे की नाही?

तीन उत्तरे पुढे आली. पहिले तुरुंगातून आलेल्यांचे. ज्यांनी छळ सोसला ते उदारपणे शिफारसपत्रे देऊ लागले. काही पत्रांत तर ‘अमुक आणि त्याच्या घरची मंडळी’ एवढेच लिहिलेले असे. दुसरे उत्तर रोमच्या नोव्हेशियनचे. तो म्हणाला, देव क्षमा करील तर करो, मंडळीने करू नये. त्याने वेगळी चूल मांडली व स्वतःला बिशप करवून घेतले. नोव्हेशियनला निर्दय म्हणून सोडून देऊ नका. जे अन्नावाचून मेले त्यांच्या वतीने कोणी तरी बोलायला हवे होते. दार सताड उघडले तर त्यांच्या मरणाला काय किंमत राहिली?

तिसरे उत्तर कार्थेजचा बिशप सिप्रियन याचे. हा स्वतः छळाच्या काळात शहराबाहेर लपून राहिला होता, आणि त्याबद्दल त्याला टोमणे ऐकावे लागले. अशा माणसाने न्याय कसा करावा? त्याने चौकशीचा मार्ग धरला. २५१च्या सभेत ठरले की प्रत्येकाचे प्रकरण वेगळे पाहावे. पैसे देऊन दाखला घेणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर घ्यावे. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी आयुष्यभर प्रायश्चित्त करावे, आणि मरणाच्या दारी त्यांना परत घ्यावे. एका पत्रात तो जे म्हणतो त्याचा आशय आम्हांस फार मोलाचा वाटतो. एकाने आपणहून धाव घेतली आणि बायकामुलांनाही ओढून नेले. दुसरा सर्वांच्या वतीने एकटा पुढे झाला, घरच्यांना वाचविले, आणि पळून आलेल्यांना आपल्या छपराखाली आसरा दिला. हे दोघे सारखे कसे? सर्व पापे सारखीच असे स्टोइक तत्त्वज्ञ म्हणत. सिप्रियनने ते नाकारले. छळापुढे आधी टिकलेले आणि पुढे यातनांनी मोडलेले तीन पुरुष तीन वर्षे प्रायश्चित्त करीत होते. त्यांना आत घ्यावे असा कौल त्याने दिला. २५२-५३च्या सुमारास नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांना घेण्याचे ठरले. लढाईच्या तोंडावर माणसांना निःशस्त्र ठेवू नये, हे त्याचे कारण. २५८ साली सिप्रियनने स्वतः मरण पत्करले, तेव्हा मात्र तो लपला नाही.

३२५च्या नायसियाच्या परिषदेने हाच मार्ग चालू ठेवला. जबरदस्ती नसता, मालमत्तेला धोका नसता ज्यांनी श्रद्धा सोडली, ते दयेला पात्र नाहीत असे म्हणूनही परिषदेने त्यांना बारा वर्षांच्या प्रायश्चित्तानंतर परत येऊ दिले. त्या वेळची एक गोष्ट इतिहासकार सॉक्रेटिस याने दिली आहे. नोव्हेशियन पंथाचा बिशप असेसियस आपली कडक मते मांडीत होता. ती ऐकून कॉन्स्टंटाइन बादशहाने त्याला सुचविले की, मग तू शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ.

मग क्षमा नसलेले पाप कोणते उरले? पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने उत्तर दिले. मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणारे मन, हेच पवित्र आत्म्याविरुद्धचे पाप. म्हणजे तर्तुलियनने सांगितलेली तीन पापे गळाली, आणि उरला तो बंद करून घेतलेला दरवाजा; तोही आतून लावलेला. परंतु इतिहास येथे आपल्याला सावध करतो. ३०३च्या छळात पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्यांच्या हातचे संस्कार आफ्रिकेतील डोनेटसपंथी मानीत नसत. ४११ साली कार्थेजला वादसभा झाली. पाठोपाठ त्यांच्यावर दंड बसले, त्यांची चर्चे काढून घेतली गेली, आणि ऑगस्टिनने या सक्तीचे समर्थन केले. क्षमेचा पक्ष सत्तेत गेल्यावर त्याच्याही हाती दंडुका आला.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, क्षमा म्हणजे हिशेब पुसणे नव्हे. सिप्रियनने प्रायश्चित्त मागितले, वेळ मागितला, आणि ज्यांनी सोसले त्यांच्या शब्दाचा मान ठेवला. दुसरी, ‘याला क्षमा नाही’ असे म्हणणारा माणूस गुन्ह्याकडे पाहत नसतो, स्वतःच्या स्वच्छतेकडे पाहत असतो. त्या शास्त्र्यांना बरा झालेला माणूस दिसला नाही, तो याच कारणाने.

आमच्या संपात काहींनी घरची मंगळसूत्रे गहाण टाकली होती. त्यांचा राग खरा होता, आणि त्यांना विचारल्यावाचून त्या फिटरला आत घेणे अन्यायाचे झाले असते. पण आम्ही त्यांनाही विचारले नाही, आणि त्यालाही नाही. एकोणचाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी काय होते हे आम्हांस आजवर ठाऊक नाही. तो स्वतःहून धावला की सर्वांच्या वतीने एकटा पुढे झाला, हे कळण्याचा मार्ग एकच होता, आणि तो तीनदा आमच्या टेबलापुढे उभा होता. तो चौथ्यांदा आला नाही. तेव्हापासून जो कोणी दाराशी येतो त्याला आम्ही आधी बसायला सांगतो, मग विचारतो, आणि जे ठरवायचे ते सर्वांच्या सभेत ठरवितो. पावतीपुस्तके मात्र जुनी जपून ठेवली आहेत. त्या वर्षाच्या पुस्तकात त्याच्या नावाची पावती नाही.