हुकूम, नियम आणि सुनावणी

प्रशासकीय कायद्याच्या विकासाचा विचार करताना अभ्यासक बहुधा पाश्चात्त्य इतिहासाकडे वळतात. अमेरिकेत १८८७ मध्ये स्थापन झालेला आंतरराज्य वाणिज्य आयोग महत्त्वाचा खराच. परंतु या विषयातील मूळ प्रश्न त्यानंतर दहाच वर्षांनी पुण्याच्या पेठांत उभा राहिला होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. त्याची कलमे अवघी चार. साथीच्या निवारणार्थ आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. नियमभंग दंडनीय ठरला. सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यांविरुद्ध दावा चालणार नाही, असेही ठरले. नियमांविरुद्ध दाद कोठे मागावी, याविषयी मात्र अधिनियम मौन पाळतो. रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. लोकांची गाऱ्हाणी ऐकणे कायद्याने कोणावरही बंधनकारक नव्हते. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न लगेच सुटला नाही. मुंबईतील जागा सरकारने ताब्यात घेतल्यावरून उद्भवलेल्या खुशालदास अडवाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये तो आदेश निव्वळ प्रशासकीय मानला आणि तो रद्द करणारा प्राधिलेख नाकारला. १९६९ च्या क्रैपाक निर्णयाने प्रशासकीय व न्यायिकवत् कृत्यांमधील ही भिंत बरीचशी ढासळली. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे प्रशासनालाही लागू झाली.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार दर ठरवण्यापूर्वी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेणे, प्रस्ताव फेटाळल्यास कारणे लेखी नोंदवणे आयोगास बंधनकारक आहे. आदेशावर अपिलाचीही सोय आहे. अधिकार येथेही मोठा आहे, पण तो वापरण्याची रीत बांधून दिलेली आहे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. ‘हुकूम’ हा अरबी शब्द आज्ञा सांगतो आणि तेथेच थांबतो. ‘नियमन’ या शब्दातील ‘यम्’ धातूचा अर्थ आवरणे. आवरायचे कोणाला, प्रजेला की सत्तेलाही? प्रशासकीय कायद्याचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या कर्माचा सावकाश झालेला स्वीकार होय.

हा स्वीकार पूर्ण झालेला नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा अधिनियम पुन्हा लागू करण्यात आला. त्याच वर्षी आरोग्यसेवकांच्या संरक्षणार्थ त्यात दुरुस्ती झाली, आणि ती आवश्यकच होती. ज्यांच्यासाठी नियम करायचे त्यांचे ऐकून घेण्याचे बंधन मात्र त्यात घातले गेले नाही.