शत्रूच्या फौजेत लढलेला नागरिक देशद्रोही ठरतो का? लाल किल्ला, १९४५

आझाद हिंद सेनेवर प्रपोजल लिहायचं असेल तर पहिल्या पानावर एक शब्द हमखास अडतो. ब्रिटिशांनी त्या सैनिकांवर नेमका कसला खटला भरला? बहुतेक जण 'राजद्रोहाचा' असं लिहून मोकळे होतात. काही जण 'देशद्रोहाचा' लिहितात. दोन्ही चूक आहे, आणि ही नुसती शब्दाची चूक नाही. शब्द बदलला की पुरावाही बदलतो.

मराठीत राजद्रोह हा शब्द आपल्याला टिळकांमुळे ओळखीचा. १८९७ आणि १९०८ मध्ये त्यांच्यावर जे खटले झाले ते भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ खाली, म्हणजे सरकारविषयी अप्रीती पसरवल्याबद्दल. तिथे हत्यार नव्हतं, परका शत्रू नव्हता, होते फक्त 'केसरी'तले लेख. शत्रूला जाऊन मिळणं हा वेगळा गुन्हा. त्याला जुन्या मराठीत फितुरी म्हणत. इंग्लंडच्या कायद्यात त्याला ट्रीझन म्हणतात. आणि गंमत अशी की, १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ट्रीझन नावाचं कलमच नाही. त्या जागी आहे कलम १२१: जो कोणी राणीविरुद्ध युद्ध करील, करण्याचा प्रयत्न करील किंवा त्याला चिथावणी देईल. हा 'जो कोणी' लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आधी इंग्लंडचा कायदा बघू, कारण वादाचं मूळ तिथे आहे. तो १३५१ चा. राजाच्या शत्रूंना सामील होणं, त्यांना मदत करणं हा राजाच्या निष्ठेचा भंग. म्हणजे गुन्ह्याच्या आत एक नातं गृहीत धरलंय. माणूस राजाला निष्ठा देतो, राजा त्याला संरक्षण देतो. हे नातं सिद्ध झालं नाही तर त्याने कितीही वाईट केलं असलं तरी ट्रीझन होत नाही. तो फक्त शत्रू ठरतो. शत्रू सैनिकाला युद्धकैदी म्हणून ठेवतात, फाशी देत नाहीत.

हा जुना कायदा विसाव्या शतकात किती ताणला गेला याचं उदाहरण म्हणजे आयरिश नेता रॉजर केसमेंट. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीत गेला आणि तिथल्या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या आयरिश सैनिकांना ब्रिटिशांविरुद्ध लढायला तयार करू लागला. साठ जणसुद्धा मिळाले नाहीत. १९१६ मध्ये खटल्यात त्याच्या वकिलांनी मुद्दा काढला की कायद्यात 'राज्यात' असा शब्द आहे, आणि केसमेंटने जे केलं ते तर जर्मनीत केलं. मूळ मजकूर जुन्या फ्रेंचमध्ये. वाक्य कुठे तोडायचं यावर अर्थ बदलत होता, म्हणून न्यायाधीशांनी मूळ चर्मपत्रावरची विरामचिन्हंसुद्धा तपासली. ३ ऑगस्ट १९१६ रोजी केसमेंटला फाशी झाली. स्वल्पविरामामुळे फासावर गेलेला माणूस, असं त्याच्याबद्दल अजून म्हणतात. (थीसिसमधल्या विरामचिन्हांना हसणाऱ्यांनी हे वाचावं.)

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. एम.एस्सी. केल्यामुळे मला एक खोड आहे. कंट्रोल नसलेल्या प्रयोगावर विश्वास बसत नाही. इतिहासात कंट्रोल ठरवून घेता येत नाही, पण इथे तारखेनेच तो दिलाय. ३ जानेवारी १९४६ ला लंडनच्या वँड्सवर्थ तुरुंगात विल्यम जॉइस याला फाशी दिली गेली. त्याच दिवशी दिल्लीत सरसेनापती ऑकिनलेक यांनी आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांची जन्मठेप माफ केल्याचं जाहीर झालं. राजा एकच, युद्ध एकच, आरोपाचा गाभाही एकच, शत्रूला सामील होणं. निकाल मात्र उलटे.

जॉइस म्हणजे 'लॉर्ड हॉ-हॉ' या टोपणनावाने ओळखला गेलेला, बर्लिन रेडिओवरून इंग्रजीत नाझी प्रचार करणारा माणूस. खटल्यात उघड झालं की त्याचा जन्म न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा आणि वडील अमेरिकन नागरिक. म्हणजे जॉइस ब्रिटिश नागरिकच नव्हता! नागरिकत्वावर आधारलेले दोन आरोप तिथेच गळून पडले. तिसरा उरला. १९३३ मध्ये त्याने आपण आयर्लंडमध्ये जन्मलो असं खोटं सांगून ब्रिटिश पासपोर्ट काढला होता, पुढे तो वाढवून घेतला, आणि त्याची मुदत जुलै १९४० पर्यंत होती. सरकारी पक्ष म्हणाला, पासपोर्ट म्हणजे राजाचं संरक्षण, आणि संरक्षण घेतलं तर निष्ठाही देणं लागतो. या तर्कावर, फक्त पासपोर्ट चालू होता तेवढ्या महिन्यांतल्या प्रक्षेपणांसाठी त्याला दोषी ठरवलं. हाउस ऑफ लॉर्ड्सनेही ते कायम केलं, फक्त लॉर्ड पोर्टर यांनी वेगळं मत दिलं. मला हा निकाल ओढूनताणून काढलेला वाटतो. माणूस घृणास्पद होता यात शंका नाही, पण खोटं बोलून मिळवलेल्या कागदातून खरी निष्ठा कशी निर्माण होते, हे काही पटत नाही.

दिल्लीत परिस्थिती बरोब्बर उलटी होती. शहानवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लन हे तिघे ब्रिटिश हिंदी सैन्यातले अधिकारी. जन्माने राजाचे प्रजाजन आणि वर लष्करी नोकरीने बांधलेले. ज्या नात्यासाठी लंडनमध्ये एका पासपोर्टचा आधार शोधावा लागला, ते इथे दुहेरी गाठीने बांधलेलं होतं. कायद्याच्या दृष्टीने यांची केस जॉइसपेक्षा कितीतरी सोपी.

कोर्ट मार्शल ५ नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात सुरू झालं. आरोप दोन प्रकारचे: कलम १२१ खाली राजाविरुद्ध युद्ध, आणि खून किंवा खुनाला मदत. खुनाचे आरोप आले कुठून हे बरेच जण वाचतच नाहीत. आझाद हिंद सेनेतून पळू पाहणाऱ्या काही सैनिकांना ब्रह्मदेशातल्या पोपा टेकडीजवळ गोळ्या घातल्या होत्या. आता बघा, ही सेना म्हणजे एका सरकारची खरी सेना असेल तर ती लष्करी शिस्त झाली. नसेल तर ते सरळ खून. म्हणजे दुसरा आरोप पूर्णपणे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेला.

बचावाच्या बाजूला सप्रू, काटजू, असफ अली होते, नेहरूंनी किती वर्षांनी वकिलाचा झगा चढवला होता, पण खरा भार उचलला मुंबईच्या भुलाभाई देसाईंनी. त्यांची तब्येत तेव्हा ठीक नव्हती, आणि पुढच्या मे महिन्यात ते गेले. या माणसाचा युक्तिवाद संशोधनाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचायलाच हवा, कारण त्यांनी 'हे देशभक्त आहेत, सोडा' असं म्हटलं नाही. त्यांनी प्रश्नच बदलला. पारतंत्र्यातल्या लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे. ते लोक सरकार स्थापन करून, संघटित सेना उभी करून, रीतसर युद्ध पुकारून लढत असतील, तर ते युद्धातला एक पक्ष झाले. मग त्यांच्या कृत्यांना आंतरराष्ट्रीय कायदा लागू होतो, दंडसंहिता नाही. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापूरमध्ये हंगामी सरकार स्थापन झालं होतं, जपान-जर्मनीसह नऊ राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली होती. हे सिद्ध करायला जपानच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी साक्षीदार म्हणून दिल्लीत आणले गेले.

निष्ठेचा मुद्दा त्यांनी टाळला नाही. स्वतंत्र देशात राजा आणि देश एकच असतात, म्हणून निष्ठेचे दोन तुकडे पडत नाहीत. गुलाम देशात ते वेगळे होतात, आणि माणसाला निवड करावी लागते. शहानवाज यांच्या निवेदनातही हाच पेच आहे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात, सुरुवातीला ते या सेनेच्या विरोधातच होते.

शिवाय फॅरर पार्क. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी हिंदी सैनिकांना या मैदानावर गोरे अधिकारी वगळून वेगळं गोळा केलं गेलं आणि कर्नल हंट यांनी त्यांना जपानी मेजर फुजिवाराच्या हवाली केलं. बचावाचं म्हणणं, राजानेच हात सोडला तर निष्ठा कसली मागता? म्हणजे जॉइसला फासावर नेणारं तत्त्व, संरक्षण आहे तिथे निष्ठा, इथे उलटं वापरलंय. संरक्षण गेलं, निष्ठा गेली.

मला यातला कोणता मुद्दा पक्का वाटतो? खरं सांगायचं तर मान्यतेचा मुद्दा लंगडा आहे. मान्यता देणारी सगळी राष्ट्रं एकतर जपान-जर्मनीच्या गोटातली किंवा त्यांच्या ताब्यातली. अंदमान-निकोबार हंगामी सरकारला 'दिले' होते, पण प्रत्यक्ष सत्ता जपानी आरमाराचीच होती. फॅरर पार्कच्या मुद्द्यात दम आहे, पण तोही लष्करी कायद्यात टिकत नाही. कैद झाल्याने सैनिक नोकरीतून सुटत नाही, त्याचं नाव यादीत राहतं, पगारही साठत राहतो. तिघांच्या शिक्षेत जन्मठेप आणि बडतर्फीसोबत थकलेला पगार-भत्ता जप्त करणं होतं, ते म्हणूनच. उरतो पहिला मुद्दा, गुलाम देशात निष्ठा दुभंगते हा. तो मान्य करणं म्हणजे ब्रिटिश राज्याचा पायाच बेकायदा म्हणणं. ब्रिटिश सरसेनापतीच्या हाताखालचं न्यायालय ते म्हणणार कसं?

म्हणालंच नाही. ३१ डिसेंबरला युद्ध पुकारण्याच्या आरोपात तिघेही दोषी ठरले. खुनाच्या बाबतीत सहगल आणि ढिल्लन सुटले, शहानवाज खुनाला मदत केल्याबद्दल दोषी. कलम १२१ ला तेव्हा शिक्षा दोनच: फाशी किंवा जन्मठेप. मधलं काही नाही. म्हणजे न्यायालयाने दिली ती किमान शिक्षा होती. 'ब्रिटिशांनी सूडाने जन्मठेप ठोठावली' असं कुठे वाचलंत तर थांबा.

मग ऑकिनलेक यांनी जन्मठेप रद्द केली, पण बडतर्फी आणि पगारजप्ती कायम ठेवली. त्यांच्या आदेशात दोषमुक्ती नाही. सैनिकाने निष्ठा झुगारून राज्याविरुद्ध लढणं हा अत्यंत गंभीर गुन्हा आहे, हे त्यात स्पष्ट बजावलंय. शिक्षा माफ, गुन्हा कायम. कारण कायद्यात नव्हतं, रस्त्यावर आणि बराकीत होतं. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख अशा तिघांना लाल किल्ल्यासारख्या ठिकाणी उभं करण्याचा निर्णय सरकारला भलताच महाग पडला. पुढच्या खटल्यांत भर क्रौर्याच्या आरोपांवर ठेवला गेला. तरी फेब्रुवारीत कॅप्टन अब्दुल रशीद यांना सात वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कलकत्ता पेटलं, आणि त्याच महिन्यात मुंबईच्या 'तलवार'वर सुरू झालेल्या नाविकांच्या उठावात आझाद हिंद सैनिकांच्या सुटकेची मागणी होती.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. पुढची फारशी कोणी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतरही या सैनिकांना भारतीय सैन्यात परत घेतलं नाही. कोकणातल्या सावंतवाडी भागाचे जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद सेनेतले मेजर जनरल, ते पुढे रत्नागिरीतून खासदार आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. शहानवाज खानही मंत्री झाले. मंत्री व्हायला हरकत नव्हती, पुन्हा वर्दी घालायला होती. याला नुसतं नेहरूंचं किंवा सेनापतींचं मत म्हणून सोडून देऊ नका. त्याच सिंगापुरात असे हजारो हिंदी सैनिक होते ज्यांनी सामील व्हायला नकार दिला. त्यांतल्या पुष्कळांना जपान्यांनी न्यू गिनीकडच्या बेटांवर मजुरीला नेलं आणि अनेक जण तिथेच उपासमारीने, रोगाने मेले. त्यांचीही एक निष्ठा होती. राजावर होती, पलटणीवर होती की दिलेल्या शब्दावर, हे शोधायला हवं. मराठीत या लोकांवर फार थोडं लिहिलं गेलंय. कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

आता तो 'जो कोणी'. स्वतंत्र भारताने कलम १२१ ठेवलं, फक्त राणीच्या जागी भारत सरकार आलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबची फाशी कायम केली, त्यात भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा गुन्हाही होता. कसाब पाकिस्तानी. त्याची भारताशी निष्ठा असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कलमाला तिची गरजही पडली नाही. म्हणजे इंग्लंडच्या कायद्यात जो प्रश्न सगळ्यात आधी येतो, हा माणूस आपला होता का, तो भारतीय कलमात विचारलाच जात नाही. तरी १९४५ मध्ये सगळा वाद निष्ठेवरच झाला. ही फट कशी पडली, दिल्लीत उभे राहिलेले वकील आणि न्यायासनावरचे अधिकारी इंग्लंडचं ट्रीझन डोक्यात ठेवून भारतीय कलमावर बोलत होते का, हे खटल्याच्या छापील कामकाजावरून तपासता येईल. ते १९४६ मध्येच पुस्तकरूपाने निघालं होतं. जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत १४७ क्रमांकाने आहे, आणि त्याची सुरुवात अजूनही 'जो कोणी' अशीच होते.