दीपयोजना व गृहशोभा, एकोणिसाव्या शतकातील

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या घराचा अंतर्भाग मूळ रूपात पुन्हा उभा करावयाचा झाल्यास तत्कालीन दिवे, आरसे, तसबिरी इ. शोभावस्तूंचा शोध घ्यावा लागतो. या शतकात प्रकाशाची साधने पूर्वी कधी नव्हे इतक्या वेगाने बदलली. त्यामुळे दिवा हा दालनाच्या कालनिश्चितीचा महत्त्वाचा पुरावा ठरतो. पश्चिम भारतातील वाडे व मुंबईतील बंगले यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते.

दिव्याचा आकार इंधनावर अवलंबून असतो. खोबरेल, एरंडेल इ. वनस्पतिज तेले दाट असल्याने वातीतून फार उंच चढत नाहीत. म्हणून समई, पणती व लामणदिवा यांत ज्योत तेलाच्या काठाशीच असते. दिवाणखान्यातील काचेच्या हंडीत पाण्यावर तेल तरंगत ठेवून वात पेटवीत. रॉकेल मात्र पातळ असते. त्यामुळे खाली टाकी, वर वात व तीभोवती काच अशी रचना शक्य झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर खोदण्यात आल्यानंतर रॉकेलचा व्यापार वाढला व पुढील दशकांत ते भारतातही पसरले. साहजिकच १८४० च्या सुमाराच्या दालनात रॉकेलचा दिवा मांडणे कालविसंगत होय. तथापि केवळ खालची टाकी पाहून निर्णय घेता येत नाही. कारण कळसूत्राने किंवा स्प्रिंगच्या दाबाने दाट तेल वर चढविणारे दिवे फ्रान्समध्ये त्यापूर्वीच निघाले होते.

मुंबईत १८६५ मध्ये वायुदीप आले. मेणबत्त्यांचे झुंबर पेटविण्यासाठी खाली घेता यावे म्हणून छताला कडी व कप्पी असे. वायुदीपाला मात्र नळ लागे. मुंबईत नियमित वीजपुरवठा १९०५ मध्ये सुरू झाला. म्हणून एकोणिसाव्या शतकातील तेथील सामान्य घरात विजेचा दिवा दाखविणे योग्य ठरत नाही. नवे साधन आले म्हणून जुने लगेच नाहीसे होई असे नाही. माजघरात रॉकेलची चिमणी आली, तरी देवघरात तेलातुपाचेच दिवे राहिले.

शोभावस्तूंचाही प्रकाशाशी निकटचा संबंध होता. बिलोरी आरसे, सोनेरी चौकटी व झुंबरांचे लोलक मंद उजेड परावर्तित करून दालन उजळीत. भिंतीवरील छापील चित्रे कालनिश्चितीस उपयोगी पडतात. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये, तर राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रणाचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये स्थापन झाला. त्यांची चित्रे त्याआधीच्या दालनात असू शकत नाहीत.

संशोधनासाठी मालमत्तेच्या याद्या, लिलावाच्या जाहिराती, व्यापाऱ्यांच्या सूची, छायाचित्रे व प्रत्यक्ष वास्तू ही साधने उपलब्ध असतात. त्यांपैकी छायाचित्रांचा उपयोग सावधपणे करावा लागतो. ती बहुधा दिवसा घेतली जात. हातातून नेण्याचे दिवे त्या वेळी पुसून ठेवण्यासाठी दालनाबाहेर नेलेले असण्याचा संभव असतो. उलट छतातील कड्या, भिंतीतील कोनाडे व त्यांवरील काजळी यांवरून दिव्यांच्या मूळ जागा समजतात. रंगकामात काजळी धुऊन काढल्यास हा पुरावा कायमचा नष्ट होतो. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचा संग्रह तुलनेसाठी उपयुक्त आहे.

जुन्या हंड्यांना भोके पाडून त्यांत विजेचे दिवे बसविण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली. त्यामुळे वस्तूची हानी होते आणि दालनाचे स्वरूपही बदलते. मंद, हलत्या ज्योतीसाठी योजलेले सोनेरी काम प्रखर प्रकाशात भडक दिसते. आज ते पाहणारा त्या पिढीची अभिरुची सवंग होती, असा चुकीचा निष्कर्ष काढतो. यास्तव घराच्या पुनर्रचनेत दिव्यांच्या आकाराबरोबरच त्यांच्या उजेडाचे प्रमाणही मूळाबरहुकूम असणे आवश्यक आहे.